प्रज्ञेचा शोध आणि मोजपट्टीचा इतिहास

ऑक्टोबर २०२२ मध्ये एनसीईआरटीने एक छोटीशी सूचना प्रसिद्ध केली. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षेच्या योजनेस ३१ मार्च २०२१ पर्यंतच मंजुरी होती. सध्याच्या स्वरूपात ती पुढे चालवण्यास मान्यता मिळालेली नाही. म्हणून पुढील आदेशापर्यंत परीक्षा स्थगित. सहा दशके चाललेली, देशातील अनेक वैज्ञानिक, अभियंते आणि डॉक्टर यांच्या आयुष्यातील पहिला मोठा टप्पा ठरलेली ही परीक्षा अशी काही ओळींत थांबली. समाजमाध्यमांवर हळहळ व्यक्त झाली, ती स्वाभाविकच होती. परंतु या परीक्षेने निवडलेली मुले आपल्याला ठाऊक आहेत. न निवडलेली ठाऊक नाहीत. या लेखाचा विषय त्या दुसऱ्या गटाशी संबंधित आहे.

आरंभी एक आठवण सांगतो. मी ही परीक्षा दहावीत असताना दिली. आमची तालुक्याच्या गावातील मराठी माध्यमाची शाळा. वर्गातून पाचच अर्ज भरायचे, आणि तेही नववीच्या वार्षिक परीक्षेतील क्रमांकानुसार, असे शाळेने ठरवले होते. तसा कोणताही नियम परीक्षेत नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. तयारीच्या पुस्तकात घडी घातलेल्या कागदाचे प्रश्न असत: कागद दोनदा दुमडून एका कोपऱ्याला छेद दिला, तर उलगडल्यावर आकृती कशी दिसेल? आम्हा पाचजणांना ते जड जात. वर्गातील एक मुलगी मात्र नुसते पाहून उत्तर सांगे. तिचे वडील शिंपी होते. दुमडलेल्या कापडावर कात्री चालवली की काय निघते हे तिने लहानपणापासून पाहिले होते. तिचा वर्गातील क्रमांक बारावा की तेरावा होता. तिचा अर्ज गेला नाही. परीक्षेने तिला नाकारले, असे म्हणता येणार नाही. परीक्षेला तिचे अस्तित्वच कळले नाही.

ही एका शाळेची चूक म्हणून सोडून देता येईल. पण बुद्धिमापनाचा इतिहास पाहिला तर हीच गोष्ट निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हा भेटते.

बीनेचा हेतू आणि टर्मनची चाळणी

१९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने एक आयोग नेमला. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांपैकी विशेष मदतीची गरज कोणाला आहे, हे ठरवण्याची पद्धत त्याला हवी होती. अल्फ्रेड बीने यांनी तेओदोर सिमाँ यांच्यासह १९०५ मध्ये तीस कृतींची एक मालिका तयार केली. सोप्यापासून अवघडापर्यंत लावलेल्या त्या कृतींतून मूल आपल्या वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत कोठे आहे हे पाहायचे, इतकाच तिचा हेतू. मुलाची बुद्धी जन्मजात आणि अचल असते, या मताला बीने यांचा स्पष्ट विरोध होता. योग्य शिक्षणाने ती वाढते, असे त्यांनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात आग्रहाने मांडले. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

मोजपट्टी समुद्रापार गेली आणि तिचा हेतू बदलला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुइस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची अमेरिकन आवृत्ती काढली. मदत कोणाला हवी या प्रश्नाच्या जागी श्रेष्ठ कोण हा प्रश्न आला. १९२१ पासून टर्मन यांनी कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार प्रज्ञावान मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. ही मुले आधी शिक्षकांनी सुचवायची आणि मग चाचणीने पारखायची, अशी मुख्य पद्धत होती. या चाळणीतून गळलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ हे दोन मुलगे होते. शॉकली यांना १९५६ चे आणि अल्वारेझ यांना १९६८ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. भौतिकीच्या विद्यार्थ्यांना हा किस्सा आवडतो. त्याची कटू बाजू अशी, की चाचणीने ज्यांना वगळले त्याच शॉकली यांनी उत्तरायुष्यात बुद्ध्यंकांच्या आधारे वंशावंशांत जन्मजात उच्चनीचता असल्याचा प्रचार केला. मोजपट्टीवरील अंधश्रद्धा किती चिवट असते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

कामतांची मराठी-कन्नड मोजपट्टी

भारतात ही मोजपट्टी १९२० च्या दशकात आली. लाहोरमध्ये सी. हर्बर्ट राइस यांनी बीने-चाचणीची हिंदुस्थानी आवृत्ती केली. तिचा ग्रंथ १९२९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरचे महत्त्वाचे काम व्ही. व्ही. कामत यांचे. तत्कालीन मुंबई इलाख्याच्या कर्नाटक भागातील मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी त्यांनी स्टॅनफर्ड-बीने चाचणीचे रूपांतर केले. १९३४ ची ही चाचणी ‘बीने-कामत’ म्हणून ओळखली जाते, आणि १९४० मध्ये त्यांचा भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील इंग्रजी ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रकाशित केला.

कामतांना एक गोष्ट नेमकी कळली होती. प्रश्नाचे भाषांतर केले म्हणजे तोच प्रश्न राहतो, असे नाही. एका भाषेत सहा वर्षांच्या मुलाला सोपा असलेला शब्द दुसऱ्या भाषेत आठ वर्षांच्या मुलालाही अनोळखी असू शकतो. म्हणून प्रश्न पुन्हा मुलांवर पारखावे लागतात, त्यांचा वयोगट पुन्हा ठरवावा लागतो, प्रमाणके नव्याने काढावी लागतात. उपकरण एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे नेले की त्याचे अंशांकन पुन्हा करावे लागते, तसेच हे.

पुढे जे झाले ते मात्र कामतांच्या शिस्तीशी विसंगत आहे. एका प्रदेशातील मुलांवर बेतलेली ही चाचणी देशभर, अनेक भाषांत आणि अनेक दशके वापरली गेली. दरम्यान जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले, की अनेक देशांत बुद्धिचाचण्यांवरील सरासरी गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढत आले आहेत. अमेरिकेत ही वाढ दर दशकाला साधारण तीन गुणांची होती. इतक्या अल्पावधीत मानवाची आनुवंशिकता बदलत नाही. बदलतात ती शाळा, आहार आणि आकृत्या-चिन्हांशी होणारी ओळख. म्हणजे क्षमता मोजणारी म्हणवणारी पट्टी परिस्थितीही मोजत असते.

१९६३: दहा शिष्यवृत्त्या

एनसीईआरटीची स्थापना १९६१ ची. दोनच वर्षांनी तिने केवळ दिल्लीपुरती राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध योजना सुरू केली. अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या होत्या दहा. १९६४ मध्ये योजना सर्व देशासाठी खुली झाली आणि संख्या ३५० झाली. निवडीचे चार घटक होते: विज्ञान अभिक्षमता चाचणी, दिलेल्या वैज्ञानिक विषयावर निबंध, विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या प्रकल्पाचा अहवाल आणि शेवटी मुलाखत. शिष्यवृत्ती मूलभूत विज्ञानांसाठीच होती, परंतु पीएच.डी.पर्यंत चालणारी.

संशोधक म्हणून मला ही रचना मोहात पाडते. प्रकल्प करणे, त्यावर लिहिणे, प्रश्नांना तोंड देणे, हेच तर आमचे काम. पण त्या काळातील शाळांचे चित्र डोळ्यांसमोर आणले की शंका येते. प्रकल्पासाठी प्रयोगशाळा लागते, ती वापरू देणारा शिक्षक लागतो. निबंधासाठी वाचनालय लागते. मुलाखतीसाठी अनोळखी, मोठ्या माणसांसमोर बोलण्याची सवय लागते. हे सारे ज्या घरांत आणि शाळांत होते, तेथील मुले आधीच पुढे होती. विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत अस्सल असलेली कसोटी सामाजिक दृष्टीने सर्वांत विषम असू शकते, हा या विषयातील खरा पेच आहे.

१९७६ मध्ये १०+२+३ या नव्या आकृतिबंधाबरोबर योजनाही बदलली. विज्ञानाबरोबर सामाजिक शास्त्रे, अभियांत्रिकी आणि वैद्यक यांचा समावेश झाला. नाव राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा झाले. निबंध आणि प्रकल्प गेले. त्यांच्या जागी वस्तुनिष्ठ स्वरूपाच्या दोन चाचण्या आल्या, मानसिक क्षमता चाचणी आणि शालेय अभिक्षमता चाचणी. मुलाखत काही काळ राहिली, पुढे तीही वगळली गेली. शिष्यवृत्त्यांची संख्या ५०० झाली. १९८१ मध्ये ती ५५० करून त्यांतील ५० अनुसूचित जाती-जमातींसाठी राखल्या. १९८३ मध्ये ७५० पैकी ७०. आणि २००० मध्ये एकूण १००० करून अनुसूचित जातींना १५ व जमातींना ७.५ टक्के हे राष्ट्रीय प्रमाण लागू झाले. १९८५ मध्ये निवड दोन टप्प्यांत विभागली: आधी राज्य, मग राष्ट्र.

या नोंदी नीट वाचल्या तर दिसते, की न्याय्यतेचा प्रश्न यंत्रणेला सुचला नाही असे नाही. पहिल्या दहा शिष्यवृत्त्यांपासून लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागांपर्यंत यायला मात्र ३७ वर्षे लागली. आणि वस्तुनिष्ठ चाचणीने परीक्षकाचा पूर्वग्रह दूर केला, तरी सरावाचा बाजार मोकळा करून दिला. संख्यामाला, सांकेतिक लिपी, आरशातील प्रतिमा हे प्रश्नप्रकार ठरावीक होते. जे ठरावीक असते ते शिकवता येते आणि जे शिकवता येते ते विकता येते. अनोळखी प्रश्नाला मूल कसे भिडते हे पाहण्यासाठी घडवलेली चाचणी, क्लासला जाणाऱ्या मुलासाठी अनोळखी राहिलीच नाही.

खिरोदा आणि मुंबईतील पालिका शाळा

याच सुमारास महाराष्ट्रात एक वेगळा प्रयोग चालू होता, आणि तो भौतिकीच्या माणसाने चालवला होता म्हणून मला विशेष जवळचा वाटतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वि. गो. कुलकर्णी हे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे संस्थापक-संचालक. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत काम केले. तेथे ध्यानात आले, की मुलांना विज्ञानाइतकीच पाठ्यपुस्तकाची संस्कृतप्रचुर भाषा अडते आहे. मजकूर सोप्या मराठीत लिहून दिल्यावर मुलांची समज सुधारली. म्हणजे मराठी मुलाला मराठीतच भाषेचा अडसर होता. माध्यम मातृभाषेचे असले म्हणजे भागले, हा समज खोटा ठरला.

पुढे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी कुलकर्णी आणि सु. चं. आगरकर यांनी मुंबईतील पालिका शाळांमधील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी प्रज्ञाशोध आणि संवर्धनाचा प्रकल्प केला. ‘संवर्धन’ हा शब्द येथे महत्त्वाचा. आधी शोधा, मग जोपासा, हा नेहमीचा क्रम. येथे जोपासनेलाच शोधाचे साधन केले: भाषा, संकल्पना आणि प्रश्न विचारण्याची सवय यांवर काम करत राहायचे आणि मग मूल कोठवर जाते ते पाहायचे. ज्यांच्याकडून शाळांनी फारशी अपेक्षा ठेवली नव्हती त्या मुलांनी शालान्त परीक्षेत लक्षणीय यश मिळवले. एका दिवसाच्या चाचणीत यांपैकी कितीजण दिसले असते, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

नवोदय: पट्टी गावापर्यंत नेणे

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून जवाहर नवोदय विद्यालये उभी राहिली. पहिली दोन १९८५-८६ मध्येच सुरू झाली होती: हरियाणातील झज्जर आणि आपल्याकडील अमरावती. आज ती ६५० हून अधिक आहेत. त्रिभाषा सूत्राला विरोध असल्याने तमिळनाडूत एकही नाही. येथील निवडपद्धतीत तीन गोष्टी जाणीवपूर्वक केल्या आहेत. जिल्हा हे एकक मानून किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना दिल्या, म्हणजे गडचिरोलीच्या मुलाची तुलना पुण्याच्या मुलाशी होत नाही. प्रश्नपत्रिका अनेक भारतीय भाषांत काढली. आणि निम्मे गुण आकृत्यांवर आधारित मानसिक क्षमता चाचणीला ठेवले, जेणेकरून भाषेचा भार कमी व्हावा.

आकृत्यांना भाषा नसते, हे अर्धसत्य आहे. जॉन रेव्हन यांच्या १९३८ च्या आकृतिमालिकांपासून ही आशा बाळगली गेली. पण फ्लिन यांनी नोंदवलेली सर्वांत मोठी वाढ अशाच आकृतिचाचण्यांत होती. आकृती वाचणे हेही शिकलेले कौशल्य आहे. माझ्या वर्गातील मुलीला ते कापडाने शिकवले, शहरातील मुलाला कोड्यांच्या पुस्तकाने. तरीही जिल्हावार तुलना आणि भाषांची सोय यांमुळे नवोदयने जे साधले, ते राष्ट्रीय पातळीवरील एकाच गुणवत्तायादीने साधले नसते.

उलट उदाहरण किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजनेचे. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९९९ मध्ये सुरू केलेली ही प्रतिष्ठित शिष्यवृत्ती परीक्षा इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत होई. २०२१ मध्ये हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे आला आणि नोव्हेंबरमधील परीक्षा पुढे ढकलावी लागली. २०२२ मध्ये योजनाच ‘इन्स्पायर’मध्ये विलीन झाली. भाषांचा प्रश्न सुटला नाही. ज्या परीक्षेबाबत तो विचारला गेला होता, ती परीक्षाच संपली.

मापनातील अनिश्चितता

“सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकच कटऑफ, याहून न्याय्य काय?” हा युक्तिवाद मी सहकाऱ्यांकडूनही ऐकतो. त्याला उत्तर देण्यासाठी समाजशास्त्राकडे जाण्याचीही गरज नाही. त्रुटी-विश्लेषण पुरेसे आहे.

उदाहरण म्हणून एक उत्तम चाचणी घेऊ: विश्वसनीयता ०.९, सरासरी १००, प्रमाण विचलन १५. मापनाची प्रमाण त्रुटी येते १५ × √०.१, म्हणजे सुमारे ४.७ गुण. कटऑफ १३० असेल, तर १३२ मिळवणारी मुलगी आत आणि १२८ मिळवणारी बाहेर. गुणांचे वितरण प्रसामान्य धरले, तर १२८ वालीची खरी क्षमता १३२ वालीपेक्षा अधिक असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के निघते. ही झाली केवळ यादृच्छिक त्रुटी. प्रयोगशाळेत आपण हिला फारसे घाबरत नाही, कारण मापन पुन्हा केले की ती कमी होते. घाबरतो ते पद्धतशीर त्रुटीला. पट्टीच जर काही मुलांसाठी आखूड असेल, तर हजारदा मोजूनही उत्तर चुकीचेच येते आणि दर वेळी तेच आल्याने अधिक विश्वासार्ह वाटते. न समजणारी भाषा, न केलेला सराव, न पोहोचलेला अर्ज या पद्धतशीर त्रुटी आहेत.

म्हणून राखीव जागा किंवा जिल्हावार तुलना यांना मी गुणवत्तेतील सूट मानत नाही. माझ्या दृष्टीने ती शून्यांक-दुरुस्ती आहे. अशी दुरुस्ती ढोबळ असते, हे मान्य करावे लागेल. जातीने वा जिल्ह्याने एक केलेल्या गटांच्या आतही विषमता असते आणि राखीव जागेवर बहुधा त्या गटातील बऱ्या स्थितीतील मूलच पोहोचते. पण दुरुस्ती ढोबळ आहे म्हणून ती करूच नये, असे कोणताही प्रयोगकर्ता म्हणणार नाही. तो अधिक चांगली दुरुस्ती शोधेल.

पुढे काय

२००८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना आज चालू आहे. आठवीतील परीक्षेतून दरवर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या, वर्षाला १२,००० रुपये, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. तिचा आवाका प्रज्ञाशोधपेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि ती चर्चेत मात्र क्वचित असते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही विशेष प्रज्ञेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र परिच्छेद आहेत. प्रज्ञाशोध परीक्षा नव्या रूपात परत येणार असेल, तर इतिहासातून दोन-तीन गोष्टी घेता येतील.

अर्ज भरण्याची वाट पाहू नये. अमेरिकेत फ्लोरिडातील ब्रॉवर्ड काउंटीने २००५ मध्ये पालक-शिक्षकांच्या शिफारशींवर न थांबता दुसरीतील सर्वच मुलांची आकृतिचाचणी घेतली, तेव्हा निवडल्या गेलेल्या गरीब आणि अल्पसंख्य मुलांची संख्या बरीच वाढली. पैशांअभावी ते थांबवल्यावर ती पुन्हा घसरली. मुले तीच होती. कोणाकडे पाहिले गेले एवढाच फरक होता. दुसरे, सार्वजनिक पैशाने होणाऱ्या परीक्षांचे प्रश्ननिहाय आणि माध्यमनिहाय विश्लेषण प्रसिद्ध व्हावे. समान क्षमतेच्या मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना एखादा प्रश्न वेगवेगळा अवघड जात असेल, तर ते शोधण्याच्या संख्याशास्त्रीय पद्धती उपलब्ध आहेत. आणि तिसरे, खिरोद्याने शिकवलेले: निवड करण्याआधी काही काळ शिकवून पाहावे.

कामतांना १९३४ मध्ये पट्टी पुन्हा आखावीशी वाटली, कारण त्यांच्यासमोरची मुले कॅलिफोर्नियातील नव्हती. प्रत्येक पिढीने हे काम नव्याने करायचे असते. आमच्या वर्गातील ती मुलगी पुढे काय झाली, हे मी मुद्दाम सांगत नाही. ती यशस्वी झाली असेल तर “बघा, प्रज्ञा लपत नाही” असे आपण म्हणू. आणि नसेल तर “मुळात तेवढी नसेलच”. दोन्ही वाक्ये परीक्षेला दोषमुक्त करतात. तिचा अर्ज जायला हवा होता, एवढेच त्या दिवशी खरे होते आणि आजही आहे.

आपल्या शाळेत अर्ज कोणाचे गेले आणि कोणाचे राहिले, हे आठवत असेल तर अवश्य लिहा.